मटरचं पॅच लावलेलं पॅकेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्च लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी मी काही वर्षांपासून त्यातल्या मटर या भागाचं एक पॅच लावलेलं, म्हणजे मूळ कोडमध्ये छोटे बदल केलेलं, पॅकेज एयूआरमध्ये (वापरणाऱ्यांनीच सांभाळलेल्या पॅकेजांच्या साठ्यात) सांभाळतो आहे. त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. काही प्रश्न वापरणाऱ्यांचे आहेत, काही स्वतः असं पॅकेज सांभाळू पाहणाऱ्यांचे. दोन्ही मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. एयूआरचं पॅकेज वापरणारा स्वतःच्या मशीनवर ते स्वतःच बिल्ड करत (कोडपासून बांधत) असतो, तेव्हा आतलं थोडंफार त्यालाही ठाऊक असलेलं बरं.

मटर म्हणजे नेमकं काय?

ग्नोमच्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट शेवटी मटरच्या हातून जाते. कुठली खिडकी वर, कुठली खाली, हे बघणारा विंडो मॅनेजर तोच. सगळ्या खिडक्यांची चित्रं एकावर एक रचून पडद्याची एक फ्रेम तयार करणारा कंपोझिटरही तोच. मेटासिटी हा जुना विंडो मॅनेजर आणि क्लटर ही ग्राफिक्स लायब्ररी, या दोन नावांच्या जोडातून 'मटर' झालं. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हापासून ग्नोम शेल, म्हणजे वरची पट्टी, ओव्हरव्ह्यू (सगळ्या उघड्या खिडक्या एकत्र दाखवणारा पडदा), सूचना, हे सगळं मटरच्या लायब्ररीवर उभं आहे.

त्यामुळे मटर मंदावला की बाकीचे प्रोग्राम कितीही चपळ असले तरी सगळा डेस्कटॉप जड वाटतो. आणि वेलँडवर (ग्नोमच्या आताच्या पडदा-व्यवस्थेवर) मटर कोसळला तर सेशनच जातं, उघड्या प्रोग्रामांसकट. कुठल्या तरी छोट्या अ‍ॅपला पॅच लावणं वेगळं आणि मटरला लावणं वेगळं, हे आधीच सांगून ठेवतो.

अडखळतं म्हणजे काय होतं? पॅचची गरजच का पडली?

६० हर्ट्झच्या पडद्याला दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते. १४४ हर्ट्झ असेल तर ६.९४ मिलिसेकंदांनी. डबल बफरिंगमध्ये दोन बफर, म्हणजे फ्रेम ठेवायच्या जागा, असतात: एक पडद्यावर दिसतो आहे, दुसऱ्यावर पुढची फ्रेम रंगते आहे. ही फ्रेम वेळेत झाली तर उत्तमच. पण १६.६७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले तर? ८:१७ची लोकल अर्ध्या मिनिटानं चुकली तरी पुढची येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभं राहावंच लागतं. तसंच इथे. फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत ताटकळते आणि पडदा आधीचीच फ्रेम दुसऱ्यांदा दाखवतो. प्रत्येक फ्रेमला असंच झालं तर सेकंदाला ६० फ्रेमच्या थेट ३० होतात. ५८ नाही, ५५ नाही, ३०. डोळ्याला खटकतं ते हेच.

माझ्याकडे इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा जुना लॅपटॉप आहे. त्याला ४के मॉनिटर जोडला आणि सुपर की दाबली, की ओव्हरव्ह्यूत खिडक्या लहान होत मागे जाताना घसरगुंडीवरून न उतरता पायऱ्यांवरून उतरल्यासारख्या दिसायच्या. गंमत अशी की कोपऱ्यात ग्राफिक्सवर ताण देणारा दुसरा एखादा प्रोग्राम चालू ठेवला, तर ओव्हरव्ह्यू सुधारायचा. काम वाढवलं तर वेग वाढतो, हे कसं? कारण जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, आपला क्लॉक (कामाचा वेग) किती वर न्यायचा हे कामाचा ताण पाहून ठरवतो. डबल बफरिंगमध्ये फ्रेम झाल्यावर जीपीयू रिकामा बसतो, त्याला वाटतं काम बेताचंच आहे, मग तो क्लॉक खाली ठेवतो, मग पुढची फ्रेमही उशिरा होते. हे दुष्टचक्र आहे.

तिसरा बफर दिला (हेच ट्रिपल बफरिंग, आणि पॅकेजमधला मुख्य पॅच याचाच होता) की एक फ्रेम पडद्याची वाट बघत असतानाच पुढचीचं काम सुरू होतं. जीपीयू रिकामा बसत नाही, क्लॉक वर जातो, आणि थोड्याच वेळात फ्रेम पुन्हा वेळेत व्हायला लागतात.

मग याने विलंब वाढत नाही का?

तिसरा बफर कामात असताना वाढतो, जास्तीत जास्त एका फ्रेमचा. म्हणूनच या पॅचच्या नावात 'डायनॅमिक' हा शब्द आहे आणि तो महत्त्वाचा आहे. जीपीयू वेळेत काम उरकतो आहे असं दिसलं की मटर आपणहून दोन बफरांवर येतो. तगड्या ग्राफिक्स कार्डवर तिसरा बफर बहुतेक वेळ वापरलाच जात नाही. अशा मशीनवर 'काहीच फरक जाणवला नाही' म्हणणारे खरंच बोलत असतात.

हा पॅच कुणाचा?

माझा नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलमधल्या डॅनियल व्हॅन व्हग्ट यांनी २०२० मध्ये तो ग्नोमकडे मर्ज रिक्वेस्ट (मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) म्हणून मांडला. उबुंटूनं २२.०४ पासून तो स्वतःच्या मटरमध्ये घातला, पण ग्नोमच्या मूळ कोडमध्ये जायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं. मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये तो सगळ्यांना मिळाला. मधली साडेचार वर्षं आर्चवाल्यांना तो हवा असेल तर एयूआर हाच सोपा रस्ता होता.

या काळात तो पॅच किती वेळा नव्यानं रचला गेला हे मी जवळून पाहिलं आहे. मटरचा फ्रेम क्लॉक (फ्रेम कधी काढायची हे ठरवणारा भाग) बदलला की पॅच बदलायचा. ग्नोम ४५ मध्ये पडद्याला फ्रेम पाठवण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर गेलं, तेव्हा पुन्हा बदलला. प्रत्येक वेळी लेखकानं स्वतः बसून तो ताज्या कोडवर चढवला. मी त्या कष्टांवर फक्त पॅकेज बांधत होतो.

ग्नोम ४८ नंतरही हे पॅकेज लागतं का?

बहुतेकांना नाही. ट्रिपल बफरिंगसाठी तुम्ही हे बसवलं असेल तर आर्चचा मूळ मटर बसवा आणि निर्धास्त राहा. मी स्वतः रोजच्या मशीनवर तसंच केलं आहे.

आता पॅकेजमध्ये उरतात ते दोन तऱ्हेचे पॅच. पहिले, ग्नोमच्या मुख्य शाखेत (पुढच्या आवृत्तीच्या कोडमध्ये) स्वीकारले गेलेले पण चालू स्थिर शाखेत न आलेले. दुसरे, अजून चर्चेत असलेले. दुसऱ्या प्रकारचे मी फार जपून घेतो. यादी छोटी होत जाते याचं मला समाधान आहे. यादी लांबत चाललेली दिसली तर माझं काही तरी चुकतंय असं समजा आणि कळवा.

पॅच निवडता कसे?

पॅच मूळ प्रकल्पाकडे मांडलेला हवा. कुणाच्या तरी खासगी रिपॉझिटरीतला, कुणीच न तपासलेला पॅच मी घेत नाही, तो कितीही वेगवान असल्याचा दावा असला तरी. लेखक त्यावर काम करतो आहे असं दिसायला हवं, कारण पुढच्या आवृत्तीवर तो चढवताना शंका आली तर विचारायचं कुणाला? पॅच काय करतो हे मला दोन वाक्यांत सांगता यायला हवं. आणि त्याचा फायदा मोजून दाखवता यायला हवा.

शेवटच्या कसोटीवर बरेच गळतात. 'मला तरी फास्ट वाटतंय' हे मोजमाप होत नाही. नवीन काही बसवलं की पहिले दोन दिवस सगळंच फास्ट वाटतं.

मूळ पीकेजीबिल्डपेक्षा तुमचा किती वेगळा आहे?

जमेल तितका कमी. आर्चच्या अधिकृत मटरचा पीकेजीबिल्ड, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं हे सांगणारी फाइल, मी जसाच्या तसा घेतो आणि तीनच जागी हात लावतो: पॅकेजचं नाव (आणि त्यासोबत लागणाऱ्या कॉन्फ्लिक्ट्स, प्रोव्हाइड्स या नोंदी), सोर्सच्या यादीत पॅच, आणि प्रिपेअर फंक्शनमध्ये ते लावण्याच्या ओळी. बाकी मेसन या बिल्ड साधनाचे पर्याय, अवलंबित्वं (आधी बसलेली लागणारी पॅकेजं), सगळं मूळचंच. अधिकृत पॅकेज बदललं की दोन्ही फाइलींतला फरक एका नजरेत दिसला पाहिजे. आपली 'सुधारणा' म्हणून मधेच ओळींची मांडणी बदलली तरी पुढच्या वेळी अर्धा तास वाया जातो.

कॉन्फ्लिक्ट्समध्ये (सोबत राहू न शकणारी पॅकेजं) मटर, प्रोव्हाइड्समध्ये (हे पॅकेज कशाची गरज भागवतं) आवृत्तीसकट मटर आणि लायब्ररीचं आकड्यासकट नाव. रिप्लेसेस मात्र लिहायचं नाही. ते पॅकेजचं नाव बदललं तर वापरण्यासाठी असतं. मूळ पॅकेजवर आपला हक्क सांगण्यासाठी नाही.

मर्ज रिक्वेस्टची लिंक थेट सोर्समध्ये का देत नाही?

कारण ती हलती असते. आज लिंकवरून उतरवलेली पॅच फाइल आणि उद्या लेखकानं शाखा रिबेस केल्यावर (ताज्या कोडवर पुन्हा रचल्यावर) उतरवलेली फाइल एक नसतात. चेकसम (फाइल तीच आहे ना हे तपासणारा आकडा) जुळत नाही, बिल्ड थांबतं आणि माझ्याकडे पंधरा जणांचे निरोप येतात. त्याहून वाईट म्हणजे चेकसम 'स्किप' करून ठेवणं. मग फाइलीत काय आलं हे कुणीच पाहत नाही. मी पॅच वाचतो, फाइल पॅकेजच्या गिट रिपॉझिटरीत ठेवतो, आणि ती कुठल्या कमिटवरून (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवरून) घेतली ते वरच्या ओळींत लिहितो.

नवी आवृत्ती आली की तुम्ही काय करता? इतका वेळ का लागतो?

ग्नोमची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. त्या आर्चच्या मुख्य रिपॉझिटरीत यायच्या आधी अस्थिर आणि टेस्टिंग रिपॉझिटरींतून जातात. माझं खरं काम त्याच दिवसांत होतं.

आधी नव्या टॅगवर (आवृत्तीची खूण लावलेल्या कोडवर) पॅच चढवून पाहतो. नीट बसला तरी समाधान मानत नाही. गिटनं कुरकुर केली नाही याचा अर्थ एवढाच की आजूबाजूच्या ओळी ओळखीच्या होत्या. ज्या फंक्शनला पॅच हाक मारतो त्याचा अर्थ बदललेला असू शकतो. मग स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे मूलभूत पॅकेजांखेरीज काहीच नसलेल्या वेगळ्या वातावरणात, बिल्ड करतो. माझ्या मशीनवर शेकडो पॅकेजं आधीच बसलेली आहेत, त्यामुळे यादीत लिहायचं राहून गेलेलं अवलंबित्व इथे कधीच उघडं पडत नाही. ते तुमच्याकडे पडतं. स्वच्छ क्रूटमध्ये ते लगेच दिसतं. मग नॅमकॅप, पॅकेजमधल्या चुका शोधणारं साधन. मग दुसऱ्या मशीनवर बसवून किमान दोन दिवस रोजचं काम त्याच्यावर: बाहेरचा मॉनिटर लावणं-काढणं, लॅपटॉप झोपवून उठवणं, स्क्रीन शेअर, दोन पडद्यांना वेगवेगळं स्केलिंग. सगळं ठीक असेल तर एसआरसीइन्फो (एयूआर ज्यातून पॅकेजची माहिती वाचतं ती फाइल) नव्यानं तयार करून पाठवतो. ही शेवटची पायरी विसरली तर एयूआरला जुनीच आवृत्ती दिसत राहते. नवखे सांभाळणारे इथे हमखास चुकतात.

आता घाई न करण्यामागचं कारण. मटरच्या लायब्ररीच्या नावात एक आकडा असतो आणि तो दर मोठ्या आवृत्तीला वाढतो: ग्नोम ४६ ला १४, ४७ ला १५, ४८ ला १६. शेल ज्या आकड्यावर बांधला असेल तोच त्याला लागतो. एका वर्षी मी गणपतीसाठी गावी गेलो होतो. त्या काळात माझ्या पीकेजीबिल्डच्या प्रोव्हाइड्समध्ये नुसतं 'मटर' एवढंच लिहिलेलं होतं, ना आवृत्ती, ना लायब्ररीचा आकडा. मी गावी असताना नवा शेल मुख्य रिपॉझिटरीत आला. पॅकमनला, म्हणजे आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला, वाटलं मटर तर आहेच, त्यानं शेल पुढे नेला, आणि माझं पॅकेज वापरणाऱ्यांकडे मटर मागचाच राहिला. रीस्टार्ट केल्यावर लॉगिनचा पडदाच आला नाही, कारण तो दाखवणारा जीडीएमसुद्धा त्याच शेलवर चालतो. एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट दाखवायचा आहे आणि समोर काळा पडदा आहे. तो निरोप मी दोन दिवसांनी वाचला.

चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून लायब्ररीचा आकडा प्रोव्हाइड्समध्ये असतो. तो आकडा मागणारं पॅकेज पुढे न्यायची वेळ आली की पॅकमन अपग्रेड सुरू करण्याआधीच थांबतो. अपग्रेड अडणं परवडतं, लॉगिन अडणं नाही. आणि मार्च-सप्टेंबरच्या आसपास मी कुठे जाणार असेन तर आधी सहसांभाळणाऱ्याला कळवून जातो. सहसांभाळणारा असायलाच हवा, हे त्या वर्षी कळलं.

काळा पडदा आला आहे, लॉगिन होत नाही. आता काय करू?

घाबरू नका, तुमच्या फाइलींना काहीही झालेलं नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा. मजकुराचं लॉगिन येईल, तिथे तुमचं नाव आणि पासवर्ड द्या. जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) 'लिबमटर' नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार दिसली तर वर सांगितलेलीच गोष्ट घडली आहे. पूर्ण सिस्टिम अपग्रेड करतानाच पॅकमनला रिपॉझिटरीतला मूळ मटर बसवायला सांगा. दोन्ही पॅकेजं एकत्र राहू शकत नाहीत, आमचं काढू का, असं तो विचारेल. हो म्हणा. रीस्टार्ट करा. आमचं पॅकेज नंतर सावकाश बघता येईल.

नुसती पॅकेजांची यादी ताजी करून एकटाच मटर बसवू नका. अर्धवट अपग्रेड आर्चवर चालत नाही; एक भोक बुजवताना दुसरं पडतं.

पॅकमनच्या दुर्लक्ष यादीत मटर आणि शेल टाकून ठेवू का?

दोन-चार दिवसांसाठी ठीक. महिनाभर ठेवाल तर तेही अर्धवट अपग्रेडच.

बिल्डच्या वेळी टेस्ट अडकतात. वगळल्या तर चालतील?

वापरणाऱ्यानं वगळायला हरकत नाही, मेकपीकेजीला (पॅकेज बिल्ड करणाऱ्या कमांडला) नोचेक पर्याय आहे. मटरच्या टेस्टना आभासी पडदा, डीबस, पाइपवायर असं बरंच लागतं, आणि काही टेस्ट कमी ताकदीच्या मशीनवर वेळेत न संपल्यामुळेही नापास होतात. सांभाळणाऱ्यानं मात्र वगळू नयेत. मूळ मटरवर पास होणारी टेस्ट पॅच लावल्यावर नापास झाली, तर दोष पॅचचा आहे असंच धरून चालावं.

ओ३ आणि मार्च-नेटिव्ह हे कंपायलरचे वेग वाढवणारे फ्लॅग का घालत नाही?

पीकेजीबिल्डमध्ये ते घालणं गैर आहे. ते तुमच्या मेकपीकेजीच्या सेटिंगचं काम. आणि उपयोगही बेताचाच. फ्रेमला उशीर होतो तो जीपीयूची किंवा रिफ्रेशची वाट पाहण्यात. वाट पाहण्याचा कोड कितीही ऑप्टिमाइझ केला तरी वाट तेवढीच पाहावी लागते.

फरक पडला की नाही हे कसं मोजायचं?

एकच बदल, एकच हालचाल, दोनदा मोजणी. क्लटर फ्रेमसंख्या लॉगमध्ये छापू शकतो, त्यासाठी 'क्लटर_शो_एफपीएस' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहायचं. इंटेलवर 'इंटेल जीपीयू टॉप' एका टर्मिनलमध्ये चालू ठेवा आणि ओव्हरव्ह्यू दहा वेळा उघड-बंद करताना क्लॉकचा आकडा बघा. त्याही पुढे जायचं असेल तर सिसप्रॉफ. त्यात मटरच्या प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला आणि तो कुठे गेला हे दिसतं.

लॅपटॉप चार्जरवर आहे की बॅटरीवर, हे दोन्ही मोजण्यांत सारखं ठेवा. आलेल्या तुलनांपैकी निम्म्या इथेच बाद होतात.

देवनागरी टायपिंगवर परिणाम होतो का?

व्हायला नको, पण मी दर आवृत्तीला तपासतो, कारण इतर कुणी तपासेल याची खात्री नाही. मराठी इन्स्क्रिप्ट किंवा कगप कीबोर्ड ले-आउट असेल तर कळ दाबल्यापासून अक्षरापर्यंतचा रस्ता मटरमधूनच जातो. गमभनसारखी पद्धत आयबसमधून (टायपिंगच्या पद्धती चालवणाऱ्या प्रोग्राममधून) वापरत असाल तर पर्यायांची छोटी खिडकी शेल काढतो. ती कर्सरखाली येते की पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते, हे वेगवेगळं स्केलिंग असलेल्या दोन पडद्यांवर बघावं लागतं. माझी नेहमीची तपासणी: टेक्स्ट एडिटर, ब्राउझर आणि टर्मिनल, तिन्हीत 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या', 'क्षितिज' भरभर टाइप करायचं, मधेच बॅकस्पेस मारायचा, मधेच आल्ट-टॅब करून परत यायचं. अर्धवट अक्षर मागे राहिलं किंवा शेवटची कळ हरवली, तर ती आवृत्ती बाहेर जात नाही.

जोडाक्षरं तुटलेली दिसणं हा वेगळा विषय. ते काम पॅंगो, हार्फबझ या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररींचं आणि फाँटचं. त्यासाठी मटरकडे बोट दाखवू नका.

बग सापडला. ग्नोमकडे नोंदवू का?

आधी मूळ मटर बसवा आणि तोच बग पुन्हा येतो का ते पाहा. आला तर ग्नोमकडे किंवा आर्चकडे जरूर नोंदवा. नाही आला तर तो आमचा आहे, एयूआरच्या पानावर लिहा.

यावर मी हटून बसतो, कारण दुसऱ्या बाजूला बसलेली माणसं मोजकी आहेत. पॅच लावलेल्या मटरचा क्रॅश कुणी तसं न सांगता नोंदवला, तर ते तासन्‌तास अशा ओळी शोधत बसतात ज्या त्यांच्या कोडमध्ये नाहीतच. असे अनुभव साठले की पॅच लावणाऱ्या सगळ्यांवरचाच विश्वास उडतो, आणि मग चांगला पॅच मर्ज व्हायलाही जास्त वेळ लागतो.

तुमच्या पॅकेजवर विश्वास का ठेवावा?

नुसता ठेवू नका, वाचा. जुलै २०२५ मध्ये एयूआरवर ब्राउझरची 'पॅच' आणि 'फिक्स' अशा नावांची तीन पॅकेजं आली होती. पॅच म्हणून ती दुसऱ्याच रिपॉझिटरीतून एक स्क्रिप्ट ओढायची आणि मशीनवर दुरून ताबा मिळवणारा केऑस रॅट बसवायची. दोन दिवसांत ती काढली गेली, पण तेवढ्या वेळात ज्यांनी बसवायची त्यांनी बसवली. 'परफॉर्मन्स', 'पॅच्ड' हे शब्द माणसाला मोहात पाडतात, आणि माझ्या पॅकेजचाही पिंड तोच आहे.

म्हणून दर अपडेटला पीकेजीबिल्डमधला फरक बघा. सोर्स ग्नोमच्या गिटलॅबवरूनच येतो आहे ना? सोबतची फाइल खरंच पॅच आहे ना, की चालणारी स्क्रिप्ट? इन्स्टॉल फाइल (बसवताना आपोआप चालणारी) अचानक कुठून आली? पाच मिनिटांचं काम आहे. कोड कळत नसला तरी नवा, अनोळखी पत्ता दिसला की थांबता येतं.

मला हे पॅकेज सांभाळायचं आहे. किंवा माझं सोडायचं आहे.

सांभाळायचं असेल तर आधी सहसांभाळणारे म्हणून या. ग्नोमची एक पूर्ण सहामाही बरोबर काढा, अल्फापासून पहिल्या दुरुस्ती आवृत्तीपर्यंत. त्यात पॅच मोडताना, जोडताना आणि एखादा कायमचा काढून टाकताना पाहायला मिळेल.

सोडायचं असेल तर गुपचूप सोडू नका. २०१८ मध्ये एयूआरवरचं एक अनाथ पीडीएफ रीडरचं पॅकेज कुणी तरी ताब्यात घेऊन त्यात नको ती स्क्रिप्ट घातली होती. पानावर आधी लिहा, ओळखीच्या हातात द्या. आणि घेणारा कुणीच नसेल, पॅच मूळ कोडमध्ये गेलेले असतील, तर पॅकेज काढून टाकण्याची विनंती करा. वापरणाऱ्यांना मूळ मटरवर परत कसं जायचं ते त्याआधी पानावर लिहून ठेवा. वर काळ्या पडद्याच्या प्रश्नात दिलेलं उत्तरच तिथे उतरवलंत तरी चालेल.